पोराच्या हाती बंदूक द्यावी का?



गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं, "बारा पूर्ण झाली की मी पण ससे मारायला जाणार." वय वर्षे अकरा. बायकोने हातातला डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी वरणात लक्ष घातलं, कारण आग मीच लावली होती.

झालं असं. ऑफिसमधल्या एका मित्राच्या भावाची मेलबर्नच्या पश्चिमेला, कोलॅकजवळ मेंढ्यांची शेती आहे. त्याचा १४ वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच शिकारीला निघणार होता. "येताय का बघायला?" असं विचारलं म्हणून आम्ही बापलेक गेलो.

इथे व्हिक्टोरियात १२ ते १७ वयाच्या मुलांना ज्युनियर लायसन्स मिळतं. त्यासाठी आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. बंदूक मुलाच्या मालकीची नसते आणि लायसन्सवाला मोठा माणूस शेजारी असल्याशिवाय ती चालवता येत नाही. १९९६ साली पोर्ट आर्थरला एकाच माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर देशभर कायदे कडक झाले आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. म्हणजे "इथे काय, कोणीही उठतो आणि गोळ्या घालतो" हा आपला समज बरोबर नाही.

आणि ससे? ते मूळचे इथले नव्हेतच. कोलॅकपासून जवळच विंचेल्सी आहे. तिथल्या थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने १८५९ च्या नाताळात शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून २४ ससे आणवले. पुढे त्यांनी निम्मा देश खाल्ला. १९५० मध्ये त्यांच्यात मुद्दाम रोग सोडावा लागला, तरी ते उरलेच. शेतकऱ्याच्या दृष्टीने ससा म्हणजे मेंढीच्या तोंडचा घास पळवणारा. गोंडस वगैरे आपल्यासाठी.

संध्याकाळी निघालो. बाप, त्याचा मुलगा, मागे आम्ही दोघं. .२२ ची साधी रायफल, एका वेळी एक गोळी. पोराने पहिला ससा टिपला, पण नेम जरा चुकला. ससा मेला नाही, मागचे पाय ओढत बिळाकडे निघाला. पोर जागच्या जागी थिजलं. बाप एवढंच म्हणाला, "तू सुरू केलंस, तूच संपव." पोराने रायफल रिकामी करून बापाकडे दिली, धावत जाऊन ससा धरला आणि शिकवल्याप्रमाणे त्याची मान मोडली. परत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. कोणी पाठ थोपटली नाही, फोटो काढला नाही.

अर्ध्या तासाने दुसरा ससा दिसला. टेकाडाच्या अगदी माथ्यावर, आरामात बसलेला. पोराने रायफल खांद्याला लावली, क्षणभर थांबला आणि खाली घेतली. "मागे माती नाही," म्हणाला. म्हणजे नेम हुकला तर गोळी टेकाडापलीकडे जाणार. ही एवढीशी गोळी सहज दीड किलोमीटर जाते, आणि पलीकडे रस्ता होता. तेव्हा मात्र बापाने त्याचा हात हातात घेऊन हलवला, मोठ्या माणसाशी करतात तसा.

मंडळी, हे बघताना मला माझी पहिली शिकार आठवली. मामाच्या गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, शिमग्याच्या सुमारास. मी १३ वर्षांचा. रानडुकराची पारध होती. आम्ही पोरं हाकारे घालायला आणि मोठी माणसं ठासणीच्या बंदुका घेऊन वाटेवर दबा धरून बसलेली. काय थरार वाटला होता! पण गडबडीत कोणाचा तरी बार झुडपाच्या हालचालीवर गेला आणि आमच्यातल्याच एकाच्या पोटरीत छर्रे घुसले. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद होती, त्यामुळे दवाखान्यात "काटेरी तारेवर पडला" असं सांगायचं ठरलं. डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी तेच सांगितलं. संध्याकाळी वाटे घातले तेव्हा मामा कौतुकाने म्हणाला, "आता तू मोठा झालास हो." कशाने? खोटं बोलता आलं म्हणून!

माझा मुद्दा एवढाच आहे. बंदुकीने पोरगा मोठा होत नाही आणि जनावर मारल्यानेही होत नाही. जे परत जोडता येणार नाही अशा गोष्टीची जबाबदारी घेतल्याने होतो, आणि तेव्हा शेजारी खरं बोलणारा मोठा माणूस असावा लागतो. आपण पोरांना सिलेक्टिव्ह स्कूलचे क्लास देतो, तबला देतो, पोहणं देतो. त्यात चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतं. चूक अंगावर येईल असं काम आपण त्यांना देतो का?

बायकोचं म्हणणं असं की जबाबदारी शिकवायला जीव कशाला घ्यायचा? खरं आहे, आणि ती स्वतः शाकाहारी असल्यामुळे तिला ते म्हणायचा हक्कही आहे. मी मात्र दर शनिवारी कोल्समधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कोंबडी आणतो. माझ्या तोंडी अहिंसा शोभत नाही.

पण मलाही एक रेघ ओढावीशी वाटते. इथल्या बदकांची शिकार मला पटत नाही. बदकं इथलीच, शेताचं वाटोळं करणारी नव्हेत, आणि थव्यात छर्रे झाडले की किती जखमी होऊन उडून जातात याचा हिशेब लागत नाही. २०२३ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाच्या समितीने ती बंद करा असं सुचवलं होतं. २०२४ मध्ये सरकारने नियम कडक करून ती चालूच ठेवली. माझ्या मते चुकलं. जखमी जनावर शोधून संपवता येत नसेल तर मुळात गोळी झाडू नये, हे त्या १४ वर्षांच्या पोराला कळलं.

तर आमच्या घरी तूर्त तह झालाय. बारा पूर्ण झाल्यावर चिरंजीव कोर्स करतील. पहिलं वर्षभर बंदूक नाही, फक्त पिशवी धरायची आणि मारलेला ससा साफ करायचा. एवढं करून वर्षाने इच्छा उरली तर बघू. नाही उरली तर मला वाईट वाटणार नाही.

बायको म्हणते, "साफ केलेला ससा घरात आणायचा नाही." मान्य!

चूभूद्याघ्या.