फोन अडला की ‘कॅशे’ पुसायची का?

दि. बा. पाटील यांच्या जासई गावात जमिनीच्या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. सिडकोच्या भूसंपादनाविरोधातील १९८४च्या आंदोलनात या परिसरातील पाच जणांनी प्राण गमावले. आता सातबारा ‘महाभूलेख’वर, फोनवरच पाहता येतो. पण पान अडकले की ‘कॅशे साफ कर’ असा सल्ला मिळतो आणि दिसेल ते सगळे पुसले जाते. हा सल्ला अर्धवट आहे.

कॅशे म्हणजे काय?
संकेतस्थळ पहिल्यांदा उघडताना ब्राउझर त्याची चित्रे, फॉन्ट आणि मांडणीच्या फाइल साठवून ठेवतो. पुढच्या वेळी त्या साठ्यातून घेतल्याने डेटा वाचतो, पान लवकर उघडते. असे साठे दोन असतात. रॅममधला तात्पुरता असतो. स्टोरेजमधला ब्राउझर बंद केला तरी राहतो.

रोज पुसल्याने फोन वेगवान होतो का?
नाही. उलट सगळे पुन्हा डाउनलोड करावे लागते. फोन रखडत असेल तर अनेकदा रॅम भरलेली असते. त्यासाठी उघडे पडलेले टॅब आणि अॅप बंद करणे पुरेसे ठरते. स्टोरेज भरले असेल किंवा एखादे पान मोडके दिसत असेल, तेव्हाच कॅशे पुसावी.

मग नेमके काय करावे?
आधी पान रिफ्रेश करावे. नंतर गुप्त टॅबमध्ये, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’त उघडून पाहावे. तिथे नीट चालले, तर दोष बहुधा साठलेल्या फाइल किंवा कुकीजमध्ये असतो. क्रोममध्ये ब्राउझिंग डेटा हटवताना फक्त ‘कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल’ निवडावे. कुकीज पुसल्या तर संकेतस्थळांवरून लॉगआउट व्हावे लागते आणि सेव्ह केलेले पासवर्ड पुसले तर ते पुन्हा आठवावे लागतात. गुप्त टॅबमध्येही पान अडकले, तर अडचण सर्व्हरची किंवा नेटवर्कची असू शकते. तेव्हा काही पुसून उपयोग नाही.

जबाबदारी कोणाची?
फाइल किती काळ साठवायची, हे ब्राउझरला कळवण्याची सोय एचटीटीपी १.१ या नियमावलीत १९९७पासून आहे. संकेतस्थळ बदलले की जुनी फाइल आपोआप बाद व्हावी, हे पाहणे ते चालवणाऱ्यांचे काम आहे. उताऱ्यासाठी फोन हाती घेतलेल्या शेतकऱ्यावर ते ढकलता येणार नाही.