मराठी सक्तीची झाली, शिक्षकांच्या तयारीचे काय?

मराठवाड्यातल्या एका उर्दू प्राथमिक शाळेत मी मराठी शिकवते. माझे शिक्षण आणि डी.एड. उर्दूतूनच झाले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका मुलीला मराठीचा धडा वाचायला सांगितले. ती म्हणाली, “आपा, नक्को.” मी तिला सगळ्यांसमोर दटावले, “नीट बोल!” पुढे कित्येक दिवस ती मराठीच्या तासाला तोंड उघडेना.

आमच्या मुलांच्या दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तूनच आला आहे, हे मला फार उशिरा उमगले. ज्या शब्दापासून मी धडा सुरू करायला हवा होता, तोच मी चूक ठरवला होता. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. उर्दूत ‘ळ’ नाही. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून. हे सारे मुलांना कसे समजवायचे, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले गेले नाही.

राज्याने 2020 मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. मी त्याचे स्वागत करते. सातबारा, पोलीस भरती, तलाठी परीक्षा, सगळीकडे मराठी लागते. ती कच्ची राहिली तर नुकसान आमच्याच मुलांचे आहे. पण सक्ती मुलांवर आणि तयारी कुणावरच नाही, असे कसे चालेल?

कॅलिफोर्नियाचा अनुभव पाहा. तिथे 1998 मध्ये मतदारांनी द्विभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध घातले आणि 2016 मध्ये मतदानानेच ते उठवले. कायदा एका दिवसात बदलला, पण दोन्ही भाषांत शिकवू शकणारे शिक्षक एका दिवसात मिळाले नाहीत. त्यांची टंचाई पुढेही जाणवत राहिली.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. उर्दू माध्यमाच्या डी.एल.एड.मध्ये ‘मराठी दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी’ हा स्वतंत्र विषय असावा. प्रत्येक उर्दू शाळेत दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकाचे एक पद राखीव असावे. बालभारतीने पहिलीसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तके काढली, तशीच उर्दू-मराठीही काढावीत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी संविधानाच्या अनुच्छेद 350-अ ने राज्यावर टाकलीच आहे.

दोन शब्द आपल्या माणसांसाठीही. मराठी आली की उर्दू जाईल, ही भीती सोडा. कागद, अर्ज, बाजार, खर्च हे शब्द दोन्ही भाषांत शेकडो वर्षे नांदत आहेत. आणि उर्दू शाळा बंद करा म्हणणाऱ्यांना एवढेच विचारते : घरची भाषा हिरावून घेतलेले मूल दुसरी भाषा कशाच्या आधारावर शिकणार?

आता पहिलीच्या वर्गात माझा मराठीचा पहिला तास ‘नको’ या शब्दानेच सुरू होतो. मुले हसतात आणि बोलू लागतात. पण प्रत्येक नव्या शिक्षिकेने हे माझ्यासारखे एखाद्या मुलीला गप्प करूनच शिकावे का?