हे दान नव्हे, वसुली!

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना चक्क भावफलक धाडला. यकृत ९० हजार, मूत्रपिंड ७५ हजार, डोळे २५ हजार. घ्या हा माल आणि फेडा आमचे पीककर्ज! १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. पुढे जिल्हे वेगळे झाले, सातबाऱ्यावरचा बोजा तेवढा सामाईक राहिला. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे. त्याच्या अंगणातल्या शिवारात मोंढ्यावर नेण्याजोगे शेवटचे पीक उरले, ते शेतकऱ्याच्या बरगडीखालचे!

ही नौटंकी होती, असे म्हणणाऱ्यांनी अकोल्याकडे पाहावे. डिसेंबर २०१५ मध्ये तिथे सावकारी कर्जापोटी गरिबांची मूत्रपिंडे काढून घेणारी टोळी उघडकीस आली. तिचे धागे थेट श्रीलंकेपर्यंत गेले होते. मुद्दल फिटेना, व्याज थांबेना, तेव्हा सावकाराने तारण म्हणून माणूसच धरला. याला दान म्हणायचे? मग दरोड्याला देणगी का म्हणू नये?

आता कायद्याची थट्टा पाहा. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा, २०११ ची त्याची दुरुस्ती. पैसे घेऊन अवयव देणे तर सोडाच, नुसते देऊ करणे हाही गुन्हा. कैद पाच ते दहा वर्षे, दंड वीस लाख ते एक कोटी. म्हणजे १ लाख ९० हजारांचे शरीर मांडून बसलेल्या शेतकऱ्याला वीस लाखांचा दंड! विक्रीवर बंदी हवीच. अवयवांचा बाजार भरला तर त्यात धनिकाचे मूत्रपिंड कधीच येणार नाही. पण विकायला लावणारी परिस्थिती ज्यांनी पोसली, त्यांच्यासाठी कोणते कलम आहे? आणि डोळे? ते तर मरणानंतरच घेतले जातात. तरीही ते यादीत होते. स्वतःला मेलेल्यांत जमा केल्याखेरीज कोणी असा भाव लिहीत नाही.

जवळच्या नात्याबाहेरचा दाता असेल तर तो आपुलकीने देतो आहे ना, हे प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीने पाहायचे असते. सावकाराने दमात घेतले की आपुलकीलाही पाझर फुटतो! दोन्हीकडचे तीन वर्षांचे उत्पन्न तपासा, असे नियम सांगतात. उत्पन्न तपासता, मग कर्ज का तपासत नाही? दात्याच्या रक्तगटाशेजारी त्याचा सातबारा ठेवा, गावात जाऊन तगादा कोणाचा आहे ते विचारा. ‘नाही’ म्हणण्याची ज्याला मोकळीक नाही, त्याच्या ‘हो’ला कवडीची किंमत नाही.

व्यासपीठावरून दधीचींचा दाखला देणाऱ्यांनो, दधीचींच्या दारात कोणी वसुलीला बसले नव्हते! अवयवदान थोरच, देहदानही. परभणीत आता वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथल्या पोरांना शरीरशास्त्र शिकवायला देह लागणारच. पण १९४९ च्या कायद्याने बेवारस मृतदेह विच्छेदनाच्या टेबलावर जातो, तो कोणाचा? ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्याचाच. मेल्यावरही त्याची संमती कोणी घेत नाही!

म्हणून आम्ही बजावतो: आधी सावकाराच्या वह्या जप्त करा, बँकेच्या नोटिसा थांबवा, मग देहदानाचे अर्ज वाटा. ज्याच्या अंगावर कर्ज नाही, पोटात भूक नाही आणि मनात धाक नाही, त्याने हात पुढे केला तर आम्हीही त्या हाताला नमस्कार करू. तोवर दान हा शब्द सरकारने तोंडातून काढू नये. देणाऱ्याची मूठ आधी सोडवा!