घरचें मांजर आणि मागचें परसूं

ज्या घरास मागील दार आणि चार झाडांचें परसूं आहे, त्या घरांत मांजराविषयीं दोन पक्ष हमखास आढळतात. एक म्हणतो, मांजराची जात मोकळी. त्यास घरांत कोंडणें पाप. दुसरा म्हणतो, एकदां बाहेर सोडलें कीं अंगावर पिसवा, कानास ओरखडे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्याच. आमच्या मतें दोघेहि दाराकडेच पाहतात. मांजर परसांत कसल्या भुकेनें उतरतें, इकडे कोणाचेंच लक्ष नसतें.

शाश्वत वैर असलेल्या प्राण्यांचा द्वंद्वसमास एकवचनीं होतो, असा पाणिनीचा नियम आहे. त्याचें ‘मार्जारमूषकम्’ हें उदाहरण शाळेंत संस्कृत घेतलेल्या वाचकांस आठवत असेल. परंतु परसांत उंदरांपेक्षां पाखरें अधिक. पानें शिवून घरटें करणारा शिंपी, जमिनीवर किडे टिपणारा दयाळ, जास्वंदीवर येणारा शिंजीर, आणि उन्हाळ्यांत नुकतीं घरट्याबाहेर पडलेलीं बुलबुलाचीं पिलें, यांस मांजरापुढें पळावयास अवधि मिळत नाहीं. यांत मांजराचा अपराध नाहीं. तें मांसावरच जगणारें जनावर आहे.

येथेंच शाकाहारी घरांनीं विचार करावयास हवा. आपण प्रेमानें दूधभात कालवून घालतों. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांस दूध पचत नाहीं, आणि भातांत टॉरिन नांवाचें त्यांस अत्यावश्यक असलेलें द्रव्य नसतें. तें मांसमासळींत असतें. दीर्घकाळ न मिळाल्यास मांजराची दृष्टि जाते व हृदय दुबळें होतें. ज्यांच्या घरीं मासळी येत नाहीं त्यांनीं बाजारांतील मांजराचें पूर्ण अन्न आणावें, त्याचें भांडें पडवींत निराळें ठेवावें, आणि सोंवळ्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटवावा. ज्या जीवास आपण दाराआड ठेवितों, त्यास त्याच्या प्रकृतीप्रमाणें जेवूं घालणें हें गृहस्थाचें कर्तव्यच होय. आपलें व्रत त्याच्या पोटावर लादूं नये.

याचा पाखरांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. इंग्लंडांतील एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ मध्यें एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांसप्रधान सकस आहार दिल्यावर मांजरांनीं घरीं आणलेली शिकार ३६ टक्क्यांनीं, आणि रोज ५ ते १० मिनिटें खेळविल्यावर २५ टक्क्यांनीं कमी झाल्याचें त्यांस आढळलें. दोरीला चिंधी बांधून माजघरांत मांजरास नाचविणें हा मुलांचा आवडता खेळ आहे. त्याचें पुण्य शिंप्याच्या घरट्यास लागतें, हें त्यांस अवश्य सांगावें.

पोट भरलें तरी खोड समूळ जात नाहीं. म्हणून परसांत नेतांना मांजर एकटें सोडूं नये. गळ्यास दोरी बांधल्यास उडी मारतांना फांस बसतो. छातीभोंवतीं बसणारा पट्टा घ्यावा व आठवडाभर घरांतच त्याची संवय करावी. पहाट आणि तिन्हीसांज ही शिकारीची वेळ. त्यापेक्षां हिंवाळ्यांत उन्हें वर आल्यावर व उन्हाळ्यांत ऊन उतरूं लागल्यावर, पण दिवेलागणीच्या पुष्कळ आधीं, अर्धा तास पुरे. कण्हेर आणि कळलावी ह्या विषारी वनस्पति आहेत, त्यांपासून दूर ठेवावें. लिलीची तर फुलदाणीहि घरांत नको, कारण अंगावर पडलेला तिचा पराग चाटल्यानेंहि मांजराचे मूत्रपिंड निकामी होतात. गवत खाण्याची त्यास हौस असते. त्यासाठीं घटाला पेरतों तसे गहूं एका कुंडींत पेरावे. पिसाळरोगाची लस मांजर तीन महिन्यांचें झाल्यावर टोंचून घ्यावी आणि पशुवैद्य सांगतील तेव्हां पुन्हां द्यावी. तरीहि परक्या मांजराचा दांत वा नख मुलास लागलें तर हळद न भरतां जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

इतकी व्यवस्था झाली म्हणजे जो आनंद मिळतो तो लहान नाहीं. मांजर प्रथम उंबऱ्यावर थबकतें, नाक वर करून वारा हुंगतें, मग अळवाच्या वाफ्याकडे एकेक पाऊल टाकीत निघतें. तुळशीवृंदावनाच्या सांवलींत तें लवंडलें कीं आपणहि पाटावर बसून शेवग्याचीं पानें निवडावीं. त्याचे कान वळतात तिकडे पाहिल्यास, एरव्हीं आपल्या ध्यानांतहि न येणारा सरडा किंवा पाकोळी दिसते. ज्या परसांत आपण केवळ धुणें वाळत घालावयास जात होतों, तेथें कोण कोण राहतें, याचा परिचय अशा रीतीनें होतो.

एकत्र कुटुंबांत ही राखण कोणाकडे द्यावी? मुलांना शाळा आणि सुनांना नोकरी व स्वयंपाक असतो. ज्या आजोबांना किंवा आजींना दिवसभरांत कोणी काम सांगत नाहीं, त्यांच्या हातीं ही दोरी द्यावी. त्यांच्या उठण्याबसण्यास ऊन मिळेल, मांजरास धनी मिळेल, आणि फांदीवरच्या पाखरांनाहि आपलीं पिलें निर्धास्तपणें वाढवितां येतील.