सासरचं माळवद पाडण्याआधी

गावाकडचं जुनं घर हा आपल्याकडे हल्ली दर सुटीतला विषय झाला आहे. दीर म्हणतात, पाडू आणि स्लॅब टाकू. सासूबाई डोळ्यांना पदर लावतात. घरच्या सुनेला मात्र ‘तुला काय वाटतं’ असं कुणी विचारत नाही. उद्या विचारलंच तर काय सांगायचं, ते आज बोलू या.

लातूर-नांदेडकडच्या कितीतरी माळवदांनी शंभरी ओलांडली आहे. विलायतेत व्हिक्टोरिया राणी गादीवर होती (१८३७ ते १९०१), तेव्हा तिचे साहेब लोक माथेरान-महाबळेश्वरला थंड हवेचे बंगले बांधत होते. आपला मुलूख निजामाचा. इथे थंडावा घरातच करावा लागे! म्हणून दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर लाकडांची दाट बिछायत आणि सगळ्यांवर पांढरीच्या मातीचा थर. दारात ढेलज, मग चौक, ओसरी, भिंतीत दिवळ्या, धान्याला बळद. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तरी माजघरात पंख्यावाचून डोळा लागतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच.

पण मैत्रिणींनो, याच माळवदांनी माणसं गिळली, हेही विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत आठ ते दहा हजार माणसं झोपेतच गेली. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. तेव्हापासून ‘माळवद म्हणजे मरण’ असं आपल्या मनात बसलं. ते अर्धंच खरं आहे.

दोष कुठे होता, पाहा. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायची आपली रीत. जुनी न खरवडता वर नवी. पिढ्यान् पिढ्या असं केल्यावर थर दोन-दोन फुटांवर जातो. हिशेब करा. दोन फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टन. भरलेला ट्रकच डोक्यावर घेऊन झोपायचं म्हणा ना! दुसरा दोष भिंतीत. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड गवंड्यांनी घातलेच नव्हते. धक्क्यासरशी भिंत पोटातून फुटली. उलट जिथे खांब-तुळयांचा सांगाडा पक्का जोडलेला होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही छत त्या सांगाड्यावर तोलून राहिलं.

म्हणजे लाकूड वाईट नाही, वरचं ओझं आणि सुटी भिंत वाईट. दोन्हींवर इलाज आहे. छतावरची माती उतरवून आठ इंचांपर्यंत आणायची, तिच्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालायचा, म्हणजे पाणी मुरत नाही आणि दरवर्षी माती टाकावी लागत नाही. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकायचे. भिंतीत साधारण मीटर-मीटरवर हाताने दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. छताखाली भिंतीला चहूकडून जाळीचा पट्टा बांधायचा. काम इंजिनिअरला दाखवूनच करा. गावचा गवंडी कितीही जुना असला तरी ‘आमच्या बापजाद्यांनी असंच केलं’ एवढ्यावर भागवू नका. त्यांनी केलं तेच तर आपण निस्तरतो आहोत.

हे बायकांना जमायचं नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना किल्लारीनंतरची गोष्ट सांगा. जागतिक बँकेच्या मदतीने घरदुरुस्तीचा जो कार्यक्रम झाला, त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर लातूर-उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. बळकटीचं काम कसं होतं ते त्यांनी समजून घेतलं, घराघरांत जाऊन सांगितलं, चालू कामावर लक्ष ठेवलं. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिकडे शिकवायला गेल्या.

नांदेडकरांनीही ‘ते लातूरचं’ म्हणून निश्चिंत राहू नये. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडे ४.५ चा धक्का झाला, भांडी नांदेडातही वाजली.

कंधार, औसा, उदगीरचे किल्ले पुरातत्त्व खातं सांभाळतं. आपली ढेलज सांभाळायला कुणी येणार नाही. तरी मी सरसकट ‘राखा’ म्हणणार नाही. भिंतीला पोट आलं असेल, तुळयांना वाळवीने पोखरलं असेल, तर त्या खोलीत आजपासूनच कुणाला झोपवू नका, मग भले सासूबाई रुसोत. पण नुसता गिलावा पडलाय, पन्हाळ गळतंय एवढ्यासाठी अख्खं घर पाडणं म्हणजे शिवण उसवली म्हणून पैठणी बोहारणीला देणं.

आणि एक. दुरुस्तीत मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू देऊ नका. ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुन्याचा किंवा मातीचाच लावा. पाडायचंच ठरलं, तर आधी खोल्यांची मापं आणि फोटो घ्या, आणि लाकडाचा सौदा दाराशी आलेल्या पहिल्याच व्यापाऱ्याशी करू नका. जुन्या सागाची किंमत त्याला ठाऊक असते, आपल्याला नसते.