आधी स्कॅन, मग औषध

गाठीच्या रक्तवाहिन्या शरीरातल्या इतर वाहिन्यांपेक्षा वेगळ्या असतात, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९९६ मध्ये रेनाटा पास्क्वालिनी आणि एर्की रुओस्लाहती यांनी जिवंत उंदरांच्या रक्तात फाज सोडले आणि कोणते पेप्टाइड कोणत्या अवयवाच्या वाहिन्यांना चिकटते ते शोधले. दोन वर्षांनी वादीह अराप यांच्यासह त्यांनी आरजीडी व एनजीआर पेप्टाइडांना डॉक्सोरुबिसिन जोडले. उंदरांत औषधाचा गुण वाढला, विषारीपणा घटला. वाहिन्यांना पिनकोड असतो, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

उंदरांतले यश माणसांत का उतरले नाही, यासाठी सिलेंजिटाइडचे प्रकरण पुन्हा वाचावे. म्युनिकच्या होर्स्ट केस्लर यांच्या प्रयोगशाळेतले हे चक्राकार आरजीडी पेप्टाइड. ग्लायोब्लास्टोमावरच्या सेंट्रिक चाचणीत ५४५ रुग्ण होते. एका गटाला रेडिएशन व टेमोझोलोमाइडच्या जोडीला ते आठवड्यातून दोनदा शिरेतून दिले. निकाल २०१४ मध्ये छापून आला: दोन्ही गटांत मध्यक आयुर्मान २६.३ महिने. रुग्ण निवडले होते एमजीएमटीचे मेथिलेशन पाहून. ज्या इंटिग्रिनवर औषध बसायचे ते गाठीत किती आहे, ही निवडीची अटच नव्हती. आणि ते पाहण्याचे साधन म्युनिकमध्येच होते! फ्लोरिन-१८ लावलेल्या गॅलॅक्टो-आरजीडीचे रुग्णांवरचे पेट स्कॅन २००५ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

सगळे खापर निवडीवर फोडता येणार नाही. हे पेप्टाइड काही तासांत रक्तातून निघून जाते. अशा औषधांची अगदी कमी मात्रा उलट नव्या वाहिन्यांना चालना देते, असे २००९ मध्ये उंदरांत दिसले होते. माणसांत तसेच घडले याला पुरावा नाही. तरी दोन डोसांमधल्या रिकाम्या दिवसांचा विचार आधी व्हायला हवा होता.

सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरच्या बाबतीत आपण हा धडा केव्हाच गिरवला आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये काय किंवा अन्यत्र काय, गॅलियम-६८ च्या स्कॅनवर गाठ उजळल्याशिवाय ल्युटेशियम-१७७ देण्याचे कुणी मनात आणत नाही. वाहिन्यांवरच्या पेप्टाइडांना वेगळा न्याय कशासाठी? गाठीत आत शिरणाऱ्या आयआरजीडीलाही हाच नियम लावावा, असे आमचे मत आहे.

मात्र आरजीडी स्कॅन वाचताना जपून. अल्फा-व्ही बीटा-३ इंटिग्रिन ऑस्टिओक्लास्टवर असते, मॅक्रोफेजवर असते, भरत आलेल्या जखमेतही असते. ऑपरेशननंतर लवकर काढलेल्या स्कॅनवर उजळलेली कडा म्हणजे उरलेली गाठच, असे समजू नये.

म्हणून लेखकांना विनंती: आरजीडी स्कॅनचे केस रिपोर्ट पाठवताना शेवटच्या शस्त्रक्रियेची आणि रेडिएशनची तारीख, तसेच इंजेक्शन ते स्कॅन यांतले अंतर जरूर लिहावे. या नोंदींशिवाय आलेले रिपोर्ट यापुढे परत पाठवले जातील.