वाशीम जिल्ह्याचा जमाखर्च

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, त्यास आतां पाव शतकाहून अधिक काळ लोटला. त्या वेळीं शहरांत जो आनंद झाला तो साहजिक होता. परंतु हा जिल्हा नवा, असें जें सर्रास बोललें जातें तें मात्र खरें नव्हे. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत असतां वाशीम हा स्वतंत्र जिल्हाच होता. 1905 सालीं तो मोडण्यांत आला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका वणी जिल्ह्यास, म्हणजे पुढील यवतमाळ जिल्ह्यास, जोडून देण्यांत आला. जें सरकारनें एका हुकुमानें काढून घेतलें तें त्र्याण्णव वर्षांनीं दुसऱ्या सरकारनें दुसऱ्या हुकुमानें परत दिलें. दोन्ही वेळां जिल्ह्याच्या वहींत जमा किती व खर्च किती, हें रयतेस कोणीं उघडून दाखविलें नाहीं, आणि रयतेनेंही फारसें विचारलें नाहीं. तें विचारण्याची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें.

वाशीमकरांस आपल्या प्राचीन वैभवाचा अभिमान आहे व तो योग्यच आहे. वाकाटकांच्या ज्या शाखेची ही राजधानी, त्या शाखेंतील हरिषेणाच्या वराहदेव नांवाच्या प्रधानानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. परंतु याच वत्सगुल्माचा 1939 सालीं उजेडांत आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट पाहावा. तो कांहीं काव्य नव्हे. नांदेडकडील एक गांव ब्राह्मणांस दिल्याचा व त्यास कोणकोणत्या देण्यांची माफी आहे याचा तो महसुली कागद आहे. वंशावळ संस्कृतांत आहे, पण व्यवहाराचा भाग प्राकृतांत, म्हणजे लोकांच्या भाषेजवळच्या भाषेंत लिहिलेला आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या राजास जी गोष्ट कळली ती आजच्या कचेऱ्यांस अद्याप पुरती कळलेली दिसत नाहीं.

वऱ्हाडचा पैसा वऱ्हाडाबाहेर जातो ही तक्रार जुनी आहे. 1853 च्या तहानें निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं हा मुलूख इंग्रजांकडे आला. 1902 च्या करारानें सालीना पंचवीस लक्ष रुपये भाड्यावर तो कायमचा त्यांच्याकडे राहिला व लगेच मध्यप्रांतास जोडला गेला. पुढें 1953 चा नागपूर करार झाला, 1984 सालीं दांडेकर समितीनें अनुशेषाचा हिशेब मांडला, 1994 सालीं विदर्भासाठीं वैधानिक विकास मंडळ स्थापन झालें आणि 30 एप्रिल 2020 रोजीं त्याची मुदत संपली. ही तक्रार खोटी आहे असें म्हणण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु मुंबईकडे बोट दाखवितांना आपल्या गांवच्या वहीकडे पाठ फिरविणें, हें आम्हांस मान्य नाहीं.

व्यापारी बंधूंस येथें कारंज्याची आठवण द्यावीशी वाटते. 1886 सालीं हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वयें कारंज्याचा कापसाचा बाजार नियमनाखालीं आला, आणि हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचें नांव नोंदलें गेलें. (त्या वेळीं कारंजें अमरावती जिल्ह्यांत होतें, हें अमरावतीकरांच्या समाधानासाठीं सांगून टाकतों.) सरकारनें हें शेतकऱ्याच्या कळवळ्यानें केलें असें नाहीं, मँचेस्टरच्या गिरण्यांस निर्भेळ कापूस हवा होता. हेतु कोणताही असो, बाजारास उघड नियम लागले. 1897 सालीं सबंध वऱ्हाडास कापूस व धान्य बाजाराचा कायदा मिळाला, आणि 1928 सालीं शेतकी रॉयल कमिशननें इतर प्रांतांनीं असे बाजार स्थापावे अशी शिफारस केली. ज्या मुलखानें देशास उघड्या बाजाराचा कित्ता घालून दिला, त्यानें आपल्या नगरपरिषदेचा जमाखर्च उघड मागूं नये हें चमत्कारिक आहे.

आतां आजची स्थिति. 2011 च्या खानेसुमारीप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160. दहा वर्षांपूर्वीं ती 10,20,216 होती. शंभरांतील ब्याऐंशीं माणसें खेड्यांत राहतात. पुरुषांहून स्त्रिया 43,444 नीं कमी आहेत. हा आंकडा वाचून ज्यांस कांहींच वाटत नाहीं त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं, कारण वादास समोर माणूस असावा लागतो. पुढील खानेसुमारी 2027 सालची. तोंपर्यंत लोकसंख्येवर वांटलीं जाणारीं अनुदानें सोळा वर्षांपूर्वींच्या माणसांवरच वांटलीं जाणार. दरम्यान 2018 सालीं केंद्र सरकारनें महाराष्ट्रांतील जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ ठरविले त्यांत वाशीम आहे. ‘मागासलेला’ हा शब्द टाळण्याची ही सभ्य रीत आहे.

जिल्ह्याचें पीक सोयाबीन, तूर व कापूस. शेती बव्हंशीं पावसावर. सोयाबीनचा भाव वाशीमच्या बाजारांत पुकारला जातो, पण ठरतो तो ब्राझील व अर्जेंटिना येथील पिकावर आणि दिल्लीच्या आयात-जकातीवर. 2024 च्या हंगामांत हमीभाव क्विंटलास 4,892 रुपये असतां बाजार त्याच्या खालीं राहिला. त्याच सप्टेंबरांत खाद्यतेलाची जकात वाढविली गेली आणि 30 मे 2025 रोजीं कच्च्या तेलावरील मूळ जकात वीस टक्क्यांवरून पुन्हां दहावर आली. एवढ्या अवधींत शेतकऱ्यानें कोणता अंदाज बांधावा? दाणा बाहेर गेला कीं तेल व पेंड यांवरील मजुरी आणि नफाही त्याच्याबरोबर जातो. समृद्धि महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून जातो. 2008 सालीं पूर्णा-अकोला लोहमार्ग रुंद झाला. आणि कारंज्यावरून जाणारी शकुंतला मात्र थांबली. माल नेण्याची सोय झाली, माल येथें घडविण्याची सोय अद्याप त्या मानानें झालेली नाहीं.

राहिला सार्वजनिक पैसा. पूर्वीं नगरपरिषदेचें मोठें उत्पन्न जकातीचें असे. नाक्यावरील जाच व लांच पाहतां 1999 सालीं ती उठली याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु तिच्या जागीं जें आलें तें सरकारी अनुदान. 2017 पासून व्यापारी वस्तु-सेवा-कर दिल्ली-मुंबईस भरतो व त्याचें शहर तेथून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहतें. गांवाच्या हातीं राहिली घरपट्टी व पाणीपट्टी, तीही थकते. थकविणारांत ऐपतदार नाहींत असें कोणी छातीवर हात ठेवून सांगावें. ज्याचा पैसा, त्यास हिशेब, हा व्यवहार असल्यानें मुख्याधिकाऱ्याचें तोंड मुंबईकडे आणि पाठ गांवाकडे असते. त्यांत राज्यांतील शेंकडों नगरपरिषदा 2022 च्या सुमारास मुदत संपल्यावर कित्येक वर्षें प्रशासकांच्या हातीं राहिल्या. निवडणुका झाल्या त्या 2025 च्या डिसेंबरांत.

आमची सूचना साधी आहे. वाशीम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर येथील व्यापारी मंडळींनीं आपली थकलेली पट्टी आधीं भरावी, आणि ती भरल्याची पावती हातांत घेऊन नगरपरिषदेकडे वर्षाचा जमाखर्च मराठींत, एका पानावर, छापून मागावा: पट्टी किती आकारली, किती वसूल झाली, अनुदान किती आलें व त्यांतील किती न खर्चितां पडून राहिलें. बाजारसमितीकडेही बाजार-फीचा असाच हिशेब मागावा, व त्या वेळीं शेतकऱ्यास बरोबर घ्यावें. अंदाजपत्रकें फेब्रुवारीअखेर व्हावयाचीं असतात. मागणी दिवाळीनंतर लगेच गेली तर तिचा उपयोग होईल.